नाडी

लेस्टरच्या हॉस्पिटलात आधी गुजराती दुभाषी बोलावली होती,
मग कुणाच्या तरी लक्षात आलं की देवरुखकर गुजराती नसतात.
म्हणून मी. नॉटिंगहॅमहून, बसने, तासाच्या बोलीवर.

डॉक्टर म्हणाले, सांगा त्यांना :
मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झालीय,
जांघेतून तार सरकवू, फुगा फुगवू, जाळीची नळी बसवू.
मी सांगितलं.
मालिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे परकरात नाडी ओवतात तसं.
सव्वीस वर्षं होजिअरीत दुसरं काय केलं?
पुढे सेफ्टीपिन, मागे आपण."
याचं इंग्रजी मला जमलं नाही.
त्यांना समजलंय, एवढंच मी डॉक्टरांना कळवलं.

मग कागदावरचे धोके.
जांघेत रक्त साकळेल. पोटाच्या मागे, न दिसता, वाहील.
तपासणीचा रंग ज्याला वाचवायचं त्यालाच बाधेल.
भिंतीवरची खरवड सुटून खाली पायात उतरेल.
शंभरात इतके, हजारात इतके.
"त्यातली मी कितवी?"
हे मात्र मी शब्दाला शब्द ठेवून विचारलं.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"राहू दे, आणा इकडे," म्हणत बाईंनी सही केली,
मराठीत, आधी रेघ, मग अक्षरं.

पाचव्या दिवशी पुन्हा फोन.
जाळी छान बसली होती. चित्रात धमनी मोकळी,
प्रेशरही उतरलेलं.
पण डाव्या पायाची दोन बोटं निळी,
जांभळं खाऊन पुसल्यासारखी,
आणि लघवी दिवसाकाठी कपभर.
डायलिसिसचं सोमवारी ठरणार.
कोशातला शब्द होता माझ्याजवळ. तोंडात धरवेना.
म्हणाले, "ओवताना आतली घाण झडली,
ती बोटांत जाऊन बसलीय."

बाईंनी पाय पांघरुणाबाहेर काढला,
दुसरीची शिवण तपासावी तसा वळवून पाहिला.
"जुनं कापड," म्हणाल्या. "कुणीही ओवलं असतं तरी झडलंच असतं.
त्या पोराला ओरडू नका म्हणावं."

सांगितलं. या वेळी सगळं, सेफ्टीपिनीसकट.
पोरगा दारापाशीच उभा होता.
आत आला, आणि मशीनवर आकडा लुकलुकत असताना
त्याने त्यांचं मनगट धरलं,
नाडी बघायला.
बराच वेळ मोजत होता.

माझ्या फॉर्मवर तासाच्या पुढे चाळीस मिनिटं होती.
मी तासच लिहिला.