पस्तीस आणि नव्वद

कॅमेरा तळहाताएवढा.
सदऱ्याच्या कडेआड धरला तर दिसतही नाही,
म्हणून तर घेतला होता.
त्याला पस्तीसची लेन्स, बिस्किटाएवढी,
आणि दुसरी नव्वदची,
जी अकरा वर्षं पायमोज्यात राहिली,
पायमोजा खिशात,
खिशात शेंगदाण्यांची टरफलं.

नीलिमा मेहेंदळे म्हणाली, असं कसं चालेल?
तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला अडकवायला काहीतरी असतं,
चष्म्याला दोरी, किल्ल्यांना कडी, छत्रीला खुंटी.
तिनंच मागवून दिली ती चकती:
काळी, गोल,
ट्रायपॉडच्या भोकात खालून पिळायची
आणि तिच्यात जास्तीची लेन्स उलटी टांगायची.
एक काढा, दुसरी लावा,
पिशवी नको, शोधाशोध नको.
सहा सेकंद, म्हणाली. घड्याळ लावून दाखवलं,
कर्वे रोडवरच्या तिच्या गॅलरीत. चहा निवला.

मी पिळली.
त्या दिवसापासून कॅमेरा टेबलावर बसेना.
कलंडायचा, गळू झालेल्या माणसासारखा
एका कुशीवर.
हॉटेलात त्याला मिठाच्या डबीचा टेकू द्यावा लागे.
लोक विचारू लागले,
काका, चॅनेल कुठलं?
अकरा वर्षं मंडईत मला कुणी काही विचारलं नव्हतं.
एका मेथीवालीनं पदर सावरला,
तेव्हाच कळायला हवं होतं.

तरी वापरत राहिलो. पैसे दिले होते.
आणि सहा सेकंद खरेच होते.
पर्वतीच्या पायऱ्यांवर चप्पल हातात घेऊन उतरणारी बाई
मला नव्वदनं मिळाली,
पायमोज्यातून मिळाली नसती.
हे मी नाकारत नाही.

मग कसबा पेठ, तांबट आळी, संध्याकाळचे साडेपाच.
करडे हंड्याच्या बुडाला ठोके देत होते.
शेजारच्या दुकानातून दुसरा हातोडा,
पहिल्यानं सोडलेल्या जागेत पडणारा.
मी नव्वद लावली. तिची नळी इतकी लांब
की खिडकीचा उजवा कोपरा तिनंच खाल्ला.
मधल्या पिवळसर चौकटीत दोन करडे,
एक ठळक, एक फिकट, जरासा सरकलेला.
कडं फिरवलं.
फिकट करडे ठळक करड्यांत शिरू लागले
आणि रीळ संपलं. छत्तीस.

या कॅमेऱ्यात रीळ खालून भरतात.
खालचं झाकण उघडायचं.
झाकणावर चकती. चकतीत पस्तीस.
चकतीचा स्क्रू नाण्यानं फिरतो;
रुपया जाड पडला, दोनाचं नाणंही.
गुडघ्यावर कॅमेरा उपडा धरून
मी खिसे चाचपत होतो,
आणि हातोडा थांबला. दोन्ही थांबले.
करड्यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि हंड्याच्या चकाकत्या पोटात
स्वतःचे दात बघितले,
ओठ ताणून, शाळेतल्या पोरासारखे,
कुणाचं लक्ष नाही असं समजून.
नव्हतंच.
कॅमेऱ्याला पोट होतं, डोळा नव्हता.

नंतर त्यांनीच तांब्याच्या पत्र्याचा तुकडा घासून दिला,
खाचेत नेमका बसणारा.
चकती सुटली. तळहातावर तोलून बघितली,
आट्यांवरून नख फिरवलं,
म्हणाले, काम देखणं आहे हो.
पण नाकापेक्षा मोती जड.
पैसे घेतले नाहीत.

चकती सध्या कपाटावर आहे,
तिच्यात नव्वद टांगलेली.
दोघी एकमेकींना घट्ट धरून, कॅमेऱ्यावाचून.
मी पस्तीस घेऊन हिंडतो,
चार पावलं पुढे जावं लागतं,
कधी जातो, कधी धीर होत नाही.
नीलिमाला अजून सांगितलेलं नाही.

पत्र्याचा तुकडा मात्र खिशात असतो, टरफलांत.
परवा बसमध्ये सुट्टे देताना
तोच पुढे केला.
कंडक्टरनं दिव्यासमोर धरून बघितला,
उलटा, सुलटा,
आणि परत दिला.