डावीकडची खिडकी

बूट ठेवलेत धोंडिराम सातपुत्यांच्या टपरीत,
बिंदू चौकाच्या जरा अलीकडे.
त्यांनी उलटे करून पाहिले, तळ नखाने खरवडला,
"कुठली म्हणायची ही माती?"
मी म्हटलं, सगळीकडची.
"मग राहू द्यात चार दिवस,"
आणि डाव्या बुटाच्या आत खडूने माझं नाव लिहिलं,
वेलांटी चुकवून.

नाहीतरी जायचंच होतं.
शुक्रवारी नाशकात बाबांचा मोतीबिंदू काढतील,
कागदावर सही करायला कुणीतरी लागतं.
साल्हेरपासून त्रेचाळीस दिवस
डोंगराच्या कण्यावरून आले, एकेक मणका मोजत,
आणि आता स्टँडच्या फलाटावर उभी आहे
नव्या चपला करकर वाजवत,
कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी.

कंडक्टरच्या मशीनमधून तिकीट खर्रकन बाहेर आलं.
बायकांना अर्धं.
त्रेचाळीस दिवस, अर्ध्या तिकिटात, सकाळी सातला परत.

शेजारी वडणग्याच्या आक्काताई मगदूम.
लेक बाळंतीण झालीय सिन्नरला,
तिच्यासाठी मांडीवर गुळाची ढेप, जुन्या साडीच्या फडक्यात.
"कुठनं आलीस गं?"
सांगितलं सगळं.
त्या बराच वेळ गप्प.
मग माझ्या टाचांकडे बघत, हळूच,
कुणी ऐकू नये अशा बेताने:
"एस्टी बंद हुती व्हय?"

गाडी सुटली आणि मला भीती वाटली, खरंच, वेगाची.
प्रत्येक झाडाशी दोन शब्द बोलायची सवय लागलेली,
मी तोंड उघडेपर्यंत झाड गेलेलं.
पाय सीटखाली थांबत नाहीत.
कावळा नाक्याशी त्यांनी एक चढ घेतला,
शिरोलीच्या पुलावर वाकून चाचपलं
उतार मिळेल का, पाणी गुडघ्याएवढं की कमरेएवढं.
काठी वर रॅकवर, कुणाच्या तरी पिशव्यांखाली.

डावीकडची खिडकी मागून घेतली होती.
अंधारात जोतिबाच्या डोंगरावर दिवे,
परवा त्याच अंगाने उतरले मी,
कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास घोटाघोटाने पीत.
तिथून इकडे पाहिलं होतं तेव्हा
हा हायवे दिसत होता, मुंग्यांची रांग,
आणि कीव आली होती थोडी.
आता मुंगीत बसून डोंगर बघतेय.

कोयनेच्या जंगलात एक गवा
रात्रभर तंबूशेजारी श्वास घेत होता.
मी हललेही नाही, मूत दाबून पहाटेपर्यंत.
तो गवा आता कराडच्या पुढे कुठेतरी
माझ्या एका जांभईत मागे पडेल.

बाबा फोनवर विचारतात, काय काय पाहिलंस?
मी पाण्याचंच सांगते.
कुठल्या टाक्यात होतं, कुठल्यात किडे,
कुठे कोरडं आणि तळाशी एक प्लास्टिकची चप्पल.
ते म्हणतात, बरं.
पट्टी सुटली की बाकीचं सांगेन म्हणते.
बाकीचं म्हणजे काय, ते अजून ठरलेलं नाही.

किणीच्या आधी ड्रायव्हरने आतले दिवे घालवले.
फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज,
मग कट्, ढेपेचा कोपरा.
"घे. पोरीला काय कमी पडत न्हाई. चालून आलीयास."

टोलनाका आला, गेला.
गूळ अजून जिभेवर आहे,
त्याला काहीच घाई नाही.