उकळबिंदू

एल आल्तोच्या गॅरेजात
विल्देरने सेन्सर सोडला
स्टोव्हवरच्या टोपात. पाणी खदखदतंय,
आणि लॅपटॉपवर आकडा
सत्त्याऐंशीला अडून बसलेला.

"खोटं बोलतोय," तो म्हणाला,
तक्त्यात तेरा अंश वाढवायला बोट उचललं.

एउलोहियाने तेलकट हात विजारीला पुसले.
"परवा याच टोपात बटाटे
किती वेळ कच्चे राहिले, आठव.
पुस्तक लिहिणारा समुद्राकाठी बसला होता, पोरा.
आपला समुद्र तर केव्हाच गेला."

बंद इंजिनातला हवेचा दाब
सकाळपासून बासष्टच सांगत होता.
त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

दारात टोयोटा,
नव्या मेंदूची, अजून मुकी.

तिने सेन्सर बाहेर काढला, फुंकर घातली.
आकडा उतरू लागला,
श्याऐंशी, एक्क्याऐंशी...
विल्देर मोजत राहिला, तोंडातल्या तोंडात.