दहा किलो

वजनं लिहायचं काम माझ्याकडे होतं,
अक्षर बरं म्हणून.
मारेगावहून सिस्टर आली होती.
व्हरांड्यातली फरशी उतरती, म्हणून
काट्याखाली वहीचा पुठ्ठा सारलेला.

गुरनुले सर आकडे मोठ्यानं वाचत.
चौतीस. एकतीस. सव्वीस,
याला लाल शाई.
मोनाली चढली तेव्हा सर आधी हसले,
मग वाचलं,
एकसष्ट.
"जिनिंगची गठाण आली रे!" मागून पोट्टे.
सिस्टर म्हणाली, खातंपितं घर दिसते.

तिचं घर मला माहीत होतं.
सकाळी राशनचा भात, रात्री राशनचा भात,
वरून तिखट-तेल.
डाळ बाजाराच्या दिवशी.
बोट टोचलं तर रक्तही कमीच भरलं,
पण लाल शाई तिच्यासाठी नव्हती.
रक्तवाढीच्या गोळ्या ओंजळीत टाकत सर बोलले,
"ह्याच खाय आता. बाकी बंद कर."

तिनं ओढणी अंगभर लपेटली,
एप्रिलात लपेटतात तशी, उन्हासाठी.
महिना डिसेंबर होता.

मी एकावन्न लिहिलं.

रविवारी वेचणीला गेलो.
संध्याकाळी धुऱ्यावरच्या बाभळीला काटा टांगला.
मोनाली अन् तिची माय,
दोघींचं एकच गाठोडं.
मुकडदमानं आकड्याला हात लावूनच सांगितलं, "बावन्न."
माय गप्प.
मोनाली म्हणाली, "हात काढा. पुन्हा मोजा."
तो हसला, "तूच बस ना काट्यावर, भरून निघन."
बाया हसल्या. मीही थोडी.
ती हलली नाही.
तिच्या मागं निम्मं ऊन झाकलं गेलं होतं
आणि मुकडदम सावलीत उभा होता.
पुन्हा मोजलं.
छप्पन्न.

परतताना मी तिला सांगितलं
रजिस्टरचं. मला वाटलं, खूश होईल,
गळ्यात हात टाकेल.
ती पांदीत थांबली.
बोटांना बोंडांचे ओरखडे, नखात वाळलेलं रक्त.
"तू बी काटा मारतं का वं?"
मग जरा वेळानं,
"माहे दहा किलो कुठं ठेवले तुनं?"

पुढं घरापर्यंत ती बोलली नाही.
मी मागं मागं, तिच्या चपलेचे ठसे
धुळीत मोजत.

सोमवारी रजिस्टर मागितलं.
खोडलं तर कागदच फाटला.
भोकाच्या शेजारी लिहिलं,
एकसष्ट,
बाकीच्यांपेक्षा
थोडं मोठ्या अक्षरात.