पाऊण रात्र

चेतनाचा फोन रविवारी रात्री साडेनऊला येतो.
विनिपेगला तेव्हा सकाळ, उणे एकतीस,
आणि मी फैजपुरात कानटोपी घालून,
बोटांना अजून भरताचा वास.

"मामा, तुम्ही जिनिंगचे हिशेब लिहिले एकतीस वर्षं.
पाहा बरं, यातलं कोणतं घेऊ?"
ती पडदा वळवते. मी चष्मा बदलतो.

एक बँक, म्हातारी, चार टक्के लाभांश.
एक वीजकंपनी, साडेचार, दरवर्षी बोटभर वाढवणारी.
तेलाची पाइपलाइन, सहा.
इमारतींची भाडी गोळा करून
महिन्याच्या महिन्याला वाटणारा एक फंड.
अमेरिकेतलं घेतलं तर वाटेतच पंधरा टक्के कापतात, म्हणे,
करमुक्त खात्यात ठेवलं तरी.
आणि सगळ्यात खाली, तिनंच पिवळं केलेलं,
अकरा.

"हे काहून रंगवलं?"

"साठ हजार डॉलर साठलेत, मामा.
अकरानं महिन्याला साडेपाचशे येतात.
शनिवारच्या दोन रात्रपाळ्या सुटतात जवळजवळ.
वीजकंपनीनं पाऊणच सुटते."

पाऊण रात्र.
मी मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता.
पोरगी माझ्याच वळणाची.

तेव्हा ती तिसरीत होती, तिला सांगितलं नाही कुणी.
सूर्यकन्या पतसंस्था, चौदा टक्के.
समोरच्या सरकारी बँकेत सात, आणि कुरकुरणारा पंखा.
इथं एसी, चहा, पावतीवर सोनेरी शाई.
ज्यानं लोकांच्या रुईचा तोळा तोळा पडताळला
त्यानं एकदाही विचारलं नाही
हे चौदा येतात कुठून.
मला मिळालं ते व्याज म्हणजे सुपडू वायरमनची ठेव होती.
त्यालाही मिळालं असतं, पुढच्या कुणाची.
पुढचा आलाच नाही.
आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात.
सुपडू बाजारात भेटतो.
आम्ही दोघं मेथीचा भाव विचारतो, घेत नाही.

"शंभर कमावले तर वाटते किती ही अकरावाली?"
किबोर्डची टकटक. मागं कुकरची शिट्टी, की हीटर.
"एकशे चाळीस."
"मग वरचे चाळीस?"
ती गप्प.

केळीला बुडाशी पिलं फुटतात, ठाऊक आहे तुला,
आजोबांच्या मागं कोयता घेऊन हिंडायचीस.
सगळी ठेवली तर बाग गच्च दिसते, फोटो छान येतो,
आणि घड उतरतो हातभर.
निसवण झाली की एकच ठेवायचं,
कंदाला घट्ट धरलेलं, तलवारीसारख्या पानांचं.
रुंद पानांचं आधी भुलवतं. ते पोकळ असतं.

एवढं बोललो आणि लाज वाटली.
कंपनी म्हणजे केळ नाही,
आणि पाइपलाइनही फुटते, भाडेकरूही पळतात,
म्हाताऱ्या बँकाही एखाद्या वर्षी हात आखडतात.
म्हटलं, चार ठिकाणी थोडं थोडं ठेव.
आलेला लाभांश दोनेक वर्षं तिथंच जिरव.

"म्हणजे शनिवारी जायचंच."

यावर माझ्याकडं कोष्टक नव्हतं.
तिनं मोजे चढवले, एकावर एक, कॅमेऱ्यासमोरच,
आणि पाहिलं मी, पिवळा रंग काढून टाकला तिनं
किंवा पडदाच पुढं सरकला असेल.

फोन ठेवल्यावर जुनी वही उघडली.
तारीख घातली. लिहिलं: चेतना, पाऊण.
खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या.
मग: सुपडूला विचारणे,
गुरुवारी मळ्यात भरीत आहे,
येतो का.