सतरा नंबरचं लेणं

ओस्तियाहून लेकीने फोटो पाठवलाय.
दगडी बाक, बाकाला ओळीने भोकं.
"पप्पा, हे रोमन लोकांचं सार्वजनिक संडास.
इथे बसून गप्पा मारायचे म्हणे."
खाली तीन हसरे चेहरे, आणि मग
"तुम्ही आला असतात तर..."

पासपोर्ट आहे माझ्याकडे.
नाशिकरोडलाच छापलेला, आमच्याच आवारात.
कोरा. एकही शिक्का नाही त्यावर.
नोटा मोजून मोजून अंगठा झिजला,
मशीन ओळखत नाही,
म्हणून ओळखीला तोच ठेवतो, खिशात,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून.

तर आज मीही निघालो. सिटी बसने.
सोबत निकाळजे, शेजारच्या टेबलावरचा.
तो पांडवलेणी म्हणू देत नाही.
"त्रिरश्मी म्हण," पायथ्याशी एकदा,
तिकीट खिडकीवर एकदा,
आणि दम लागून कठड्याला टेकलो तेव्हा
पुन्हा एकदा, जरा हळू.

सुट्टे परत आले, त्यातली दहाची
मी उजेडात धरून बघितली.
बत्तीस वर्षं हेच केलं.
सरकलेली रेघ, पुसट आकडा,
शाईचा टिपका जिथे नसावा तिथे.
चूक दिसली की लाल पेन्सिल.
बरोबर असलेलं काही
मला आठवतच नाही.

सतरा नंबरला निकाळजे थांबला.
रिटायर झाल्यावर शिकलाय तो धम्मलिपी,
दर रविवारी, पोरासोरांच्या वर्गात बसून.
हवेत बोट फिरवत वाचतो:
सिधं.
मग बराच वेळ काही नाही.
मग: योणकस.
"म्हणजे यवन. ग्रीक-बिक. उत्तरेकडचा."
इतक्या लांबून?
"तुझी पोरगी नाही का गेली."

अक्षरं बघितली मी. माझ्या डोळ्यांनी.
एक ओळ चढलीय. एक अक्षर जवळच्यापेक्षा जाड.
आमच्याकडे पास झाली नसती ही.

आणि आत तर कामच अर्धवट,
गाभाऱ्यात छिन्नीचे घाव तसेच उघडे,
कोणी जेवायला म्हणून उठलं
आणि आलंच नाही परत.
पैसे संपले असतील. किंवा तो माणूस.
बाहेरच्या खांबांवर हत्ती मात्र पूर्ण,
वरचे स्वारही.

निकाळजेला राहवत नाही, तो सांगतोच:
इकडे जोगलटेंभीला, गोदेच्या काठी,
हंडाभर चांदी निघाली होती, तेरा हजार नाणी.
राजाचं डोकं, रोमच्या नाण्यावर असतं तसं,
भोवती ग्रीक अक्षरं, नीट न जमलेली.
पुढच्या राजाने ती वितळवली नाहीत.
त्याच तोंडांवर आपला शिक्का हाणला.
गालावर डोंगर. कानात नदी.
"खालचं नाक तरी दिसतंच," निकाळजे म्हणाला.
मी म्हटलं, डबल छपाई.
आम्ही अशी रीमच्या रीम जाळली असती.

कोठडीत दगडी ओटा होता, त्यावर बसलो.
गार. खाली हायवेवरून कंटेनर चाललेले,
त्यांचा आवाज इथे येईपर्यंत
झोपेत कुणी कूस बदलावी एवढाच उरतो.
लेकीला फोटो पाठवला:
"इथे पण बाक आहे. भोक नाही."

निकाळजे अजून शेवटच्या ओळीशी झटत होता.
मातापितरो, म्हणाला.
मग पुढचं नीट लागेना त्याला,
चष्मा पुसला, पुन्हा: मातापितरो उदिस.
"आईबापासाठी केलंय रे हे."

मी काही बोललो नाही.
पिशवी सोडली. पासपोर्ट काढला,
शेवटचं पान उघडलं, बारीक छपाईचं,
जे विमानतळावरही कुणी वाचत नसेल.
वडील: सखाहरी.
आई: चांगुणा.

डोळ्याजवळ धरून तपासलं.
रेघ सरळ. शाई सारखी.
चूक नाही.