खाडाखोड

नववी ‘ब’च्या बेचाळीस वह्या.
निबंध: मोडक्या छत्रीचे मनोगत.
सतरा छत्र्या एका सुरात म्हणतात,
‘जीवनाच्या वादळात मी अनेकांची ढाल बनले.’
ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, पूर्णविराम शिस्तीत.
बावीस वर्षं हेच तर मागत होते मी.

शिक्षकखोलीत पंखा कुरकुरतो.
आगाशे सर म्हणतात, फोन जप्त करा, विषय संपला.
खुडे सर चहा बशीत ओततात:
‘गाइडं कुठे जप्त केली आपण?
दोन तर तुमच्याच मेव्हण्यानं लिहिलीत.’
तांबोळी बाई पाठाचं टाचण त्याच्याकडूनच काढून घेतात,
हळूच सांगतात, रविवार मोकळा मिळतो हो.
मी काही बोलले नाही.
माझ्याकडे मत नव्हतं, वह्या होत्या.

मनीषा थापा.
बाप धनकवडीतल्या सोसायटीच्या गेटवर, रात्रपाळीला.
मधल्या सुट्टीत विचारलं, तूही त्यालाच विचारतेस का गं?
‘हो बाई, रोज. पप्पांच्या केबिनमध्ये बसून.
छत्री ती का, छप्पर ते का,
दहादा विचारलं तरी ते हसत नाही.’

वर्ग हसला होता जूनमध्ये,
ती ‘माझा आई’ म्हणाली तेव्हा.
आणि फळ्याकडे तोंड करून
मीही.

मग सांगतं काय ते?
‘कारण सांगतं, लांबलचक.
कधी दुसऱ्या दिवशी वेगळंच सांगतं.
मग मी गिरणीवाल्या काकूंकडे जाते.
त्या म्हणतात, कारण-बिरण नाही गं,
छत्री ती. ऐक आणि म्हण.’

तिच्या वहीत
छत्री मोडला, खोडून
मोडलं, खोडून
मोडली.
पुढे ‘मला टाकून दिलं’वर तीन काटा,
कागद भोक पडायच्या बेतात,
आणि शेजारी, बारीक अक्षरात:
‘मला दाराआड ठेवलं. तिथून पाऊस ऐकू येत होता.’

वहीच्या पहिल्या पानावर
मीच सगळ्यांना लिहायला लावलेली ओळ:
खाडाखोड करू नये. अर्धा गुण कापला जाईल.

लाल पेनाचं टोपण काढलं.
पुन्हा लावलं.
शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात उभे,
‘बाई, अजून किती राहिल्यात?’

एकच, म्हटलं.
तुम्ही बाकीचे वर्ग लावून घ्या.